चीफ मुद्दाम चुकायचे

ये रे रोहन, ये. खुर्ची ओढ आणि अशी जवळ बस. पाच वर्षं झाली, एक फोन नाही, एक ओळ नाही. माझं सोड, मी कोण, शेजारीण. पण जन्मदात्याशी एवढा अबोला धरतात का रे? कान धरला असता तुझा, पण तो आहे तिकडे अमेरिकेत आणि माझा हात पोचतो फार तर बेडोकच्या बाजारापर्यंत. म्हणून लिहायला बसले.

मी सुमनमावशी. सिंगापूरच्या तुमच्या बेडोकच्या ब्लॉकमधली, शेजारच्या दारातली. दोन्ही गेटं उघडी टाकून पळत यायचास आणि कांदापोहे मागायचास, ती. आणि हे मी लिहितेय कुठे, तर तुझ्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमच्या भक्तांचं जे पान आहे इंटरनेटवर, तिथे. डिफेन्स कसा असावा यावरून तिथे लोक एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, त्यांच्या मधोमध मी आपली मराठीतून शिरले आहे. तुझ्या बाबांच्या नावाने शिरले आहे, कारण पासवर्ड माझ्याकडे आहे. बाकीच्यांना हे वाचता येणार नाही. कुणी मशीनला घालून वाचलंच तर वाचो बापडा. ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता येईल.

तू म्हणशील, माझा बाप मलाच काय सांगतेस? सांगते, कारण तुला ठाऊक आहे तो सहा महिने जहाजावर आणि तीन महिने घरी असणारा चीफ इंजिनिअर, बॅगेतून चॉकलेटं काढणारा. वसंत सुर्वे नावाचा निवृत्त माणूस, आणि मग एकटा झालेला माणूस, तू पाहिलाच नाहीस. तो मी पाहिला. भिंतीपलीकडून रोज पाहिला.

निवृत्त झाले तरी इंजिनरूम काही अंगातून गेली नव्हती. सकाळी सहाला उठून घरभर राउंड घेणार. गॅस, नळ, फ्रिज, पंखा, प्रत्येकाला हात लावून बघणार, कान लावून ऐकणार. एकदा आमच्या फ्रिजलाही कान लावून उभे राहिले. मी म्हटलं, "अहो सुर्वे, ताप आलाय का त्याला?" तर म्हणाले, "सुमनताई, यंत्र ओरडण्याआधी कुजबुजतं. ऐकायला माणूस उभा पाहिजे." आठ दिवसांत फ्रिज बंद पडला. मी त्यांनाच दोष दिला, नजर लावली म्हणून.

तू कॉलेजला गेलास आणि टीमबरोबर काम मिळालं म्हणून कळवलंस, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, सरावाचं चित्रीकरण, तेव्हापासून त्यांना हे बास्केटबॉल लागलं. म्हणजे परत लागलं. मरीन इंजिनिअरिंगच्या कॉलेजात ते खेळायचे, हे मला तेव्हा कळलं. तुमच्याकडची संध्याकाळची मॅच म्हणजे आमची सकाळ. नाष्ट्याच्या वेळेला तुझ्या कॉलेजचा पिवळा टीशर्ट घालून बसणार. तुझी आई म्हणायची, "या वयात हळदीत लोळून आल्यासारखे दिसता." मॅच संपली की या पानावर लिहायचं. आणि लिहायचं कसं, तर इंजिनरूमच्या लॉगबुकात लिहितात तसं. आधी वेळ, मग निदान. "०८:४०. डिफेन्स ढिला. डावा गार्ड उभ्या उभ्या झोपलेला आढळला. ०८:५२. अजून झोपलेलाच." इथल्या लोकांना त्याची भारी गंमत वाटायची. कुणी त्यांना आर्मचेअर जनरल म्हणालं तर हे उत्तर द्यायचे, "जनरल नव्हे, चीफ इंजिनिअर. मी खाली असतो, जिथे गळती कळते."

वाद एकच, वर्षानुवर्षं. कोचला झोन डिफेन्सचं वेड. आता मलाही कळतं बरं का. झोन म्हणजे पाच जणांनी पाच जागा धरायच्या, दोघं पुढे, तिघं बास्केटजवळ, आणि आपल्या जागेत जो शिरेल त्याला अडवायचं. बाबांचं म्हणणं, हे आळशांचं काम. त्यांना पाहिजे मॅन-टू-मॅन. प्रत्येकाने एकेक माणूस घ्यायचा आणि तो जाईल तिथे त्याच्याबरोबर जायचं.

हे त्यांनी खालच्या हॉकर सेंटरच्या, खाण्याच्या स्टॉलांपुढच्या, टेबलावर लिम अंकलना किती वेळा समजावलं असेल! लिम अंकल म्हणजे खालच्या मजल्यावरचे, तुझी सायकल दुरुस्त करायचे ते. कॉफीचे कप म्हणजे आपले खेळाडू, साखरेच्या पुड्या म्हणजे समोरचे. लिम अंकल निवांत टोस्ट खात बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "चीफ आह, एव्हरीडे फाइट विथ अँगमो फॉर व्हॉट? दे पे यू, मे?" म्हणजे गोऱ्यांशी रोज भांडून तुला पगार मिळतो का. आणि एक साखरेची पुडी फाडून मांडलेल्यातल्याच एका कपात ओतून प्यायचे. "अरे, माझा सेंटर प्यायला हा!" असं बाबा ओरडले की आजूबाजूचे दचकून बघायचे.

गणपतीत तर कहरच केला. मंडळाच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं फार येतात, गर्दीत चुकतात, कुणाची चप्पल, कुणाचा चष्मा. दरवर्षी पोरं दारात, जिन्यात, बुफेपाशी उभी असायची. बाबा म्हणाले, हा झोन आहे, म्हणून म्हातारे चुकतात. त्यांनी प्रत्येक स्वयंसेवकाला एकेक म्हातारं नावानिशी वाटून दिलं. दर्शन, जेवण, बाथरूम, टॅक्सी, सुटायचं नाही. बिशानच्या जोशीकाकूंच्या मागे बँकेतला एक उंच मुलगा लागला, तो स्त्रियांच्या बाथरूमच्या दारापर्यंत गेला. काकू हातातली पर्स उगारून म्हणाल्या, "मेल्या, इथे तरी सोड!" हसून हसून तुझ्या आईच्या पोटात दुखलं. ते दुखणं तेव्हा हसण्याचंच वाटलं. तिची शेवटची गणेशचतुर्थी ती.

आता तो विषय येतो, रोहन. उठू नकोस.

तुझ्या जाण्याची सगळी गोष्ट मला ठाऊक आहे. इथे बापाच्या पीआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, मुलाला पीआर मिळालं की अठराव्या वर्षी त्याला दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी नोकरी, करावी लागते. तू कॉलेजसाठी गेलास तो ती न करताच गेलास. बाबा तेव्हा जहाजावर. तुझ्या आईला कुणीतरी सांगितलं की पीआरचं कार्ड परत केलं की झालं, संपलं. आपल्यातले किती जण असंच समजतात. कार्ड परत केलं, पण कायदा काही कार्डाबरोबर परत जात नाही. सरकारची पत्रं येत राहिली. ती आईने देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली, बाबांना दाखवलीच नाहीत. ते घरी आल्यावर सापडली, तोपर्यंत तू इथे पाऊल टाकलंस तर विमानतळावरूनच नेतील, अशी वेळ आली होती. चूक कुणाची, याचा हिशोब मी करत नाही. इथल्या मुलांनी दोन वर्षं काढली आहेत, लिम अंकलच्या दोन्ही मुलांनी काढली, म्हणून कायद्यालाही मी नावं ठेवत नाही.

पण आई गेली त्या दुपारी मी तुमच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तुझा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. तू रडत म्हणालास, "मी येतो बाबा. पकडू देत. आईला बघून मग जातो त्यांच्याबरोबर." आणि ते म्हणाले, "यायचं नाही. आलास तर मी तुला ओळखणार नाही. तोंड दाखवू नकोस." आणि फोन ठेवला.

तू ऐकलंस ते एवढंच. त्यानंतरचं मी पाहिलं. फोन ठेवल्यावर ते ओट्याला धरून खाली बसले. मी म्हटलं, "अहो, असं काय बोललात पोराला?" तर म्हणाले, "साधं सांगितलं असतं तर तो आला असता, सुमनताई. माझा आहे तो. त्याला इतकं लागलं पाहिजे की विमानात चढणार नाही." मग त्यांनी विचारलं, "लागलं असेल ना?" तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं. चहा तसाच राहिला.

फार नीट लागलं रे त्यांचं बोलणं. आठवड्याने त्यांनी फोन केला, तू उचलला नाहीस. नंबर बदललास, पत्ता बदललास, पत्रं परत आली. तेव्हा त्यांच्याकडे उरलं हे पान. म्हणायचे, टीम सोडणार नाही तो, सगळं सोडेल पण टीम नाही.

आणि मग एक दिवस चीफ चुकले. लिहिलं, "०९:१०. आपला सेंटर सहा फाउल होईपर्यंत खेळवा." अरे, कॉलेजच्या खेळात पाच फाउलला बाहेर काढतात, हे मलासुद्धा माहीत! सगळे तुटून पडले. मी विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" हे हसताहेत. म्हणाले, "बरोबर लिहिलं तर कोण उत्तर देतं, सुमनताई? लाइकचा अंगठा देऊन जातात. चुकीचं लिहिलं की दुरुस्त करायला येतात. लहानपणी रोहनला गणित मुद्दाम चुकवून दाखवायचो. चिडून पेन्सिल हिसकावून घ्यायचा."

म्हणजे कळलं का तुला? पंचवीस वर्षं जहाजाचं इंजिन चालवलेला, आपल्या शब्दाला कुणी चूक म्हटलेलं न खपणारा माणूस, लोकांच्या शिव्या खायला रोज एक चूक लिहायला लागला. निवडून लिहायचा. कुठली चूक तुला सहन होणार नाही, याचा आदल्या दिवशी विचार करायचा.

त्याला एक जण फसला. नाव त्याचं "कॉर्नरसीट". बाबांनी लिहिलं की झोनमध्ये कोपऱ्यातला नेमबाज पुढच्या गार्डने धरायचा. दहा मिनिटांत कॉर्नरसीटचं उत्तर, "मागच्या फळीतला जातो कोपऱ्यात. चीफ, चष्मा पुसा." तो चष्मा वाचला आणि बाबा उठून उभे राहिले. तू म्हणायचास ना त्यांना, कॅरममध्ये सोंगटी हुकली की? "बाबा, चष्मा पुसा." झालं. त्या दिवसापासून कॉर्नरसीट म्हणजे रोहन. त्याने झोन चांगला म्हटला की हे मॅन-टू-मॅन. त्याने मॅन-टू-मॅन म्हटलं की हे, आयुष्यभराची श्रद्धा सोडून, झोनच्या बाजूने! मी म्हटलं, "विचारा की सरळ, तू रोहन का म्हणून." तर घाबरले. "विचारलं आणि तो गेला तर?"

पुढे पार्किन्सन्सने हात गेले. एका अक्षराला तीनदा बोट उठायचं. मग ते सांगायचे आणि मी टाइप करायची. माझं शिक्षण सातवी, इंग्रजी बाजारातलं आणि टीव्हीवरचं, पण शिकले. मी चुकीचं टाइप केलं तर म्हणायचे, "राहू दे, उत्तम चूक आहे." मग आवाजही बारीक होत गेला. मी कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकायची.

दोनदा न्यूमोनिया झाला. घास घशाखाली जाण्याऐवजी छातीत जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले की तिसरा झेपणार नाही. त्या दिवशी मी बाबांना न विचारता कॉर्नरसीटला खासगीत लिहिलं. "तू रोहन असशील तर बोल. वेळ नाही." माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं.

उत्तर आलं ते सत्तरीच्या एका माणसाचं. तुमच्या टीमची बस चालवायचे म्हणे, आता घरी असतात आणि हे पान सांभाळतात. फार मायेने लिहिलं रे त्यांनी. लिहिलं, "बाई, मी तो नाही, याचं मला वाईट वाटतं. पण तो मुलगा मला आठवतो. सगळ्यांच्या बॅगा चढल्याशिवाय स्वतः बसमध्ये बसायचा नाही." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. या पानावर एक सभासद आहे, त्याने आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. पण चीफने काही लिहिलं की त्या दिवशी तो येतो, वाचतो आणि जातो. गेली पाच वर्षं. आलेल्यांच्या यादीत त्याचं नाव दिसतं, एवढंच. तो कोण ते त्यांना माहीत नाही.

मी हे तुझ्या बाबांना सांगितलं नाही. कॉर्नरसीट कोणी दुसराच निघाला, हे कसं सांगू? अख्ख्या जन्मात त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. आता दर भेटीला बोलते. ते विचारतात, "आला?" मी म्हणते, "आला. चष्मा पुसा म्हणाला."

न लिहिणारा तो तू आहेस, असं धरून मी बोलतेय. नसशील, तर ज्या कुणा भल्या माणसाला मी इतका वेळ बसवून ठेवलं त्याने क्षमा करावी. पण तू आहेस. इतकं मुकाट्याने इतकी वर्षं दारात उभं राहणारं दुसरं कोण असेल?

आता ते यिशुनच्या नर्सिंग होममध्ये आहेत. बेडोकहून मला एमआरटीच्या गाड्या बदलत सव्वा तास लागतो, जाते. परवा गेले तेव्हा त्यांना चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसवलं होतं. मान एका बाजूला, पिवळा टीशर्ट, त्यावर लाळेसाठी लावलेला टॉवेल. मी फोनवर मॅच लावून समोर धरली. समोरच्या टीमचा एक पोरगा कोपऱ्यात मोकळा उभा होता आणि आपल्यातलं कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. बाबांचा उजवा हात मांडीवरून उठला. चार बोटं उठला असेल. डिफेन्सला हात वर करतात तसा. नर्स पळत आली, तिला वाटलं काही हवंय. मी तिला थांबवलं. हात तसाच हवेत थरथरत राहिला, तिकडे बॉल पडेपर्यंत. मग खाली आला.

मी कान नेला. म्हणाले, "लिही. चुकलं."

मी म्हटलं, "काय चुकलं? कोपऱ्यातला सोडला ते?"

मान हलली. नाही. बराच वेळ श्वास गोळा केला त्यांनी. "त्या दिवशी. फोनवर. तेवढं खरं चुकलं."

मी लिहिते म्हटलं. हे ते लिहिलं.

रोहन, आता नीट ऐक. तू इथे येऊ शकत नाहीस, मला कळतं. पण पुलापलीकडे जोहोर आहे आणि जोहोर म्हणजे मलेशिया, दुसरा देश. तू तिकडच्या तिकडे क्वालालंपूरला उतर आणि बसने खाली जोहोरला ये. इथली माती तुला लागायला नको. बाबांचा पासपोर्ट संपला होता, तो मी नवा करून घेतला. फोटोसाठी मान सरळ राहीना, लिम अंकलनी मागून धरली, बोटं दिसू न देता. नर्सिंग होम एक दिवस बाहेर न्यायला परवानगी देतं, मी विचारलंय. लिम अंकलची गाडी आहे. ते म्हणाले, "यू टेल द बॉय, अंकल ड्राइव्ह व्हेरी स्लो, कॅन." म्हणजे जमेल. डॉक्टर म्हणाले, पुलावरच्या रांगेत काही झालं तर? मी म्हटलं, इथे खिडकीत काही झालं तर?

अजून मी बाबांना जोहोरचं काही सांगितलेलं नाही. तू येतो म्हणालास की मगच सांगेन, आधी नाही, कारण त्यांना आता वाट बघायला लावणं मला जमणार नाही. इथेच खाली लिही. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, नुसता एक आकडा लिही तारखेचा. त्या दिवशी सकाळी त्यांची दाढी करून, धुतलेला शर्ट घालून मी त्यांना गाडीत बसवीन आणि पुलाच्या त्या टोकाला तू असलास की झालं.

ये बाबा. लवकर ये. पुढच्या महिन्यात नको, याच आठवड्यात ये.